तिसरी हाक

बेळगुंदीत आमच्या परड्यामागे काजूची बाग आहे आणि तिच्या पलीकडे रान. कॉलेजातल्या कारकुनीतून सुटल्यापासून हिवाळाभर मी सकाळी तिथे दुर्बीण घेऊन बसतो. दिसेल तो पक्षी वहीत टिपतो.

चांगला पक्षी दिसला की बायकोला हाक मारायची आणि कपाळावर हात मारून घ्यायचा. सुवर्णा तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाही.

"रानातनं एका हाकंला ओ द्यायची न्हाय," ती म्हणते. "दुसरीलाबी न्हाय. माणूस असंल तर तीनदा मारंल की."

तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायला पक्षी म्हणजे काय जावई आहे? चार हिवाळ्यांत हिला एक स्वर्गीय नर्तक धड दिसला नाही. मी पार वैतागलो होतो.

पौषात भृंगराज कोतवाल आला. काळा कुळकुळीत, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकांना पिसं. हा पक्षी पक्का नकलाकार. घारीची शीळ, मांजर, शेजारच्या मालुबाईंचा कुकर, सगळं काढायचा. एका सकाळी त्याने माझ्या आवाजात हाक मारली, "सुवर्णाऽ." एकदाच. मी खूश. वहीत लिहिलं: माझी नक्कल, एक हाक. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझं रानात जाणंच बंद झालं असतं.

आठवड्याने दोन हाका आल्या. त्याही टिपल्या.

भोगीच्या सकाळी मी न्हाणीत दाढी करत होतो. सुवर्णा परड्यात पावटा सोलत होती.

रानातून हाक आली. माझीच, वैतागलेली.

दुसरी आली. माझा हात थांबला.

मी दार उघडेपर्यंत तिसरी.

"ओ, आले," सुवर्णा म्हणाली.

मी तोंडाला साबण तसाच ठेवून धावलो. ती सूप घेऊन उभी होती. मला घरातून येताना बघून तिचे ओठ हलले. आवाज आला नाही.

बेळगावच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं. सगळं ठीक आहे म्हणाले. मालुबाई रोज विचारतात, कशानं झालं. मी वहीचं सांगत नाही. मला माझीच चीड येते.

काल ती माझ्यासमोर चहा गाळत होती. मी सवयीने म्हटलं, "सुवर्णा."

तिने मान वर केली. ओठ मिटलेले.

ओ रानातून आली. पहिल्याच हाकेला.