बंद कॉम्प्युटरचं घड्याळ

छापखान्यातल्या टेबलावर दोन कॉम्प्युटर होते, एकाच दिवशी घेतलेले, एकाच बनावटीचे. प्रत्येकावर झेंडूची एक माळ. पहिल्याचा प्लग लावलेला, दुसऱ्याचा काढलेला. प्रत्येक पेटीच्या मागे हातानं फिरणारे दोन स्क्रू. बाजूचा पत्रा चौकटीला जुळतो तिथं चंदनाचा एकेक टिळा. दुसऱ्या पेटीवरचा अखंड होता, पहिल्यावरचा सांध्यावर फुटलेला. शेजारी मुद्रितांची चाळीस पानं, तीन तांबडी पेनं, एक पेन्सिल.

शीनप्पानं सगळं वहीत उतरवलं. पोलिसांची जीप बावीस वर्षं चालवताना त्यानं कधी काही मोजलं नव्हतं. ही सवय त्याला भुवना केदिलायनं लावली. ती आधी सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत होती, आता कुंदापुरात खासगी तपास करायची; शीनप्पा तिच्या मदतीला असायचा.

आज दसरा. दुपारी वारिजा तिच्याकडे आली होती, छापखान्यातली टंकलेखिका. निवृत्त शिक्षक वामन सालियान यांचा समुद्रावरच्या शब्दांचा कोश ती तीन वर्षं टंकत होती. सोमवारी तो छपाईला जायचा होता आणि दुरुस्त्या केलेली शेवटची चाळीस पानं फक्त पहिल्या कॉम्प्युटरमध्ये होती. तो सकाळपासून सुरू होत नव्हता. वारिजानंच मुद्दाम बिघडवला, असं मालक माधव पै म्हणत होते.

"पाच वाजेपर्यंत थांबतो," पै म्हणाले. "मग ठाण्यात. नोकरी तर गेलीच समज, गो."

बाहेर आभाळ दाटलं होतं. दारातला टेंपो माळांसकट भिजत होता.

भुवनानं पहिल्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखा गरगरला. पडदा काळाच. आतून तीन शिट्या आल्या, थोड्या वेळानं पुन्हा तीन.

"सकाळपासून हेच," पै म्हणाले. "दुरुस्तीवाला लॅन्सी फोनवर म्हणाला, बोर्ड गेला असेल. मी कुणाला हात लावू दिला नाही."

"काल शेवटचा कुणी वापरला?"

"मी," वारिजा म्हणाली. "दुपारी दोनला बंद केला, दोन्हींचे प्लग काढले. पाचला आयुधपूजा. पूजेत बसवलेलं यंत्र आज सकाळपर्यंत कुणी चालवत नाही."

"टिळे?"

"मीच लावले. पत्र्याला नि चौकटीला दोन्हीकडे लागतील असे. पै मामना तसेच लागतात."

भुवना मुद्रितं चाळत होती. अकराव्या पानावर एक अख्खी नोंद तांबड्या शाईनं खोडली होती. शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षर होतं: 'मास्तर, हा शब्द तुमच्याच कार्डावर आहे.'

"असे शेरे किती?"

"सतरा." वारिजा खाली बघत राहिली. "वय झालं की होतं, मॅडम."

"पूजेनंतर काय केलंत?"

"सगळे बाहेर गेलो. टेंपोवरून कोहळा ओवाळून फोडायचा होता. कापराचं ताट माझ्या हातात होतं."

लॅन्सी आला तोच कुरकुरत. "सणाच्या दिवशी बोलावता, मारायरे! गुरुवारी मीच साफ केले दोन्ही. धूळ केवढी! मास्तर शेजारी बसून हे काय, ते काय, विचारत होते, शाळेतल्या पोरासारखे."

"काय दाखवलंस त्यांना?"

"ती रुपयाएवढी बॅटरी. म्हटलं, ही काढली की याला आजचा वारसुद्धा आठवत नाही. हसलो आम्ही. म्हणजे मी हसलो."

"काल कोहळा कुणी फोडला?"

"मीच की. पहिल्या खेपेला फुटलाच नाही! घरंगळत टेंपोखाली गेला. पै मामनी पोट आत ओढून रांगत काढला."

"धोतर फाटलं माझं," पै पुटपुटले. "सहा ते सव्वासहाचा मुहूर्त, म्हणून गेलो खाली."

शीनप्पाला हसू आलं. भुवनाला आलं नाही.

वामन मास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. अंगावर स्वच्छ सदरा, गुडघ्यावर छत्री. भुवना त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"मास्तर, कोहळा फोडताना तुम्ही कुठं होता?"

"पैंच्या शेजारी. लॅन्सीनं आपटला. एका दणक्यात चार फोडी."

भुवनानं मान हलवली आणि उठली. पहिल्या पेटीचा पत्रा काढून तिनं आत विजेरी मारली. "शीनण्णा, बघा. मेमरीची ही पट्टी. एका टोकाची कळ उघडी आहे. ती हिसक्यानं उघडत नाही, बोटानं दाबावी लागते. बॅटरी तिच्यापासून दोन बोटांवर, काढणाऱ्याचं बोट कळीवर पडू शकतं."

तिनं पट्टी दाबली. टक् असा आवाज झाला. बटण दाबताच पडदा उजळला.

"शब्दकोश?" पैंचा आवाज चिरकला.

"जागेवर असेल. तो चकतीवर साठतो, या पट्टीत नाही." पण फाइल उघडण्याऐवजी तिनं यंत्राच्या सेटअपचं पान उघडलं. "शीनण्णा, तुमचं घड्याळ?"

"चार चाळीस."

"याचं सांगतंय, एक जानेवारी, रात्रीचे साडेदहा."

शीनप्पानं दोन्ही वेळा लिहिल्या. त्याला काहीच कळलं नाही. "बिघडलंय की."

"बिघडलं नाही. प्लग काढलेला असताना बॅटरी काढली की हे घड्याळ पुसलं जातं. परत घातली की पहिल्या जानेवारीच्या शून्यापासून मोजू लागतं, असं मला वाटतं. खात्री दुसऱ्यावर करू, तो तसाच आहे." तिनं दुसरी पेटी उघडली, बॅटरी काढली, तीस आकडे मोजले आणि ती परत बसवली. "आता दहा मिनिटं थांबायचं. प्लग न लावता."

सगळे उभे राहिले. पागोळ्यांचा आवाज येत होता.

"टिळा सांध्यावर फुटला, म्हणजे पत्रा पूजेनंतर निघाला," भुवना म्हणाली. "किती वाजता? साडेबावीस तास मागे जा, शीनण्णा."

त्यानं बोटं मोजली. "काल... सहा वाजून दहा मिनिटं."

"कोहळ्याची वेळ. लॅन्सीच्या हातात कोहळा, पै टेंपोखाली, वारिजाच्या हातात ताट. तिघांनी तिघांना पाहिलं. कोहळा दोनदा आपटावा लागला, हे बाहेर असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे."

शीनप्पानं वहीतलं मागचं पान उलटलं. एका दणक्यात चार फोडी. त्याला ते वाचल्याचं वाईट वाटलं.

"मॅडम, राहू दे!" वारिजा एकदम पुढं आली. "मी केलं म्हणा. मला कुठंही काम मिळेल."

"वारिजा, गप," मास्तर म्हणाले.

त्यांनी छत्री भिंतीला टेकवली. "मी सतरा नोंदी खोडल्या. माझ्या हातची कार्डं, पण ते शब्द कुठल्या कोळ्यानं सांगितले, सांगितले तरी का, काही आठवेना. तिनं ते परत घातले. बरोबर कोण, हे ठरवणारा मीच, आणि मला ठरवता येईना. सोमवारी छापलं की कायमचं. वाटलं, यंत्रही विसरलं तर बरं. ती बॅटरी काढली, परत घातली."

"मास्तर, मला सांगायचं होतंत," पै हळू म्हणाले.

"काय सांगू? कोशकार शब्द विसरतो म्हणून?"

"मग हिच्यावर आळ आला तेव्हा तरी बोलायचं होतं," शीनप्पा न राहवून म्हणाला.

मास्तर त्याच्याकडे वळले. "सकाळी मला वाटत होतं, मी बाहेरच होतो. कोहळा फुटताना दिसतही होता. अजून दिसतो. चार फोडी."

वारिजानं तोंडावर पदर धरला.

"मास्तर कबूल झाले, मग संपलं की," लॅन्सी कुजबुजला. "थांबायचं कशाला?"

"माझ्या कबुलीवर विसंबू नका," मास्तर म्हणाले. "मला आठवतं ते झालंच असेल असं नाही. या मुलीचं नाव त्यावर टांगायचं नाही. दहा मिनिटं पुरी होऊ दे."

पैंनी खुर्ची ओढून वारिजाला बसायला दिली. मास्तरांनी सतरा शेऱ्यांची पानं तिच्या मांडीवर ठेवली आणि तिन्ही तांबडी पेनं खिशात घातली.

शीनप्पानं घड्याळ बघून हात वर केला. भुवनानं दुसऱ्या कॉम्प्युटरचा प्लग लावला, बटण दाबलं आणि सगळ्यांना दिसेल असा पडदा वळवला.

एक जानेवारी. शून्य वाजून दहा मिनिटं.