कोऱ्या कुपीतला उजेड

भुतं रात्रीच येतात, असं म्हणणाऱ्यांनी हे वाचूच नये. मी सुचिता, जऊळक्याची. हे भर दुपारी घडलं, माझ्या डोळ्यांदेखत. मागच्या फेब्रुवारीत, वाशिममधल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत.

माझा मोठा भाऊ पवन तिथं पीएचडी करत होता. विषय, सेंद्रिय अर्धवाहक. म्हणजे मोबाईलच्या पडद्यात उजेड देतं ना, तसलं रसायन.

ज्या रेणूवर तो काम करत होता, तो मात्र त्यानं बनवलेला नव्हता.

तो त्याच्यासोबत पीएचडी करणाऱ्या अश्वजितचा होता. आदल्या वर्षी अश्वजित त्याच खोलीत मेला. चंबू फुटला, उजव्या हाताची दोन बोटं तुटली आणि काच गळ्यात घुसली. पवननं रेणूच्या बाटलीवरचं त्याचं नाव खरवडून काढलं. मी बोलले तर म्हणाला, “मेलेल्याले पीएचडी भेटते का?”

त्या दुपारी रेणूचा उजेड मोजायचा होता. खिडक्यांना काळे पडदे, दार बंद. मी मदतीला होते. आधी कोरी कुपी मोजायची असते, नुसत्या द्रावकाची. त्यात रेणूच नाही, म्हणून कॉम्प्युटरवरची रेघ सपाट यायला हवी.

रेघ हलली...

टेकडीसारखी वर चढली. अश्वजितचा रेणू रेघेवर कुठं चमकेल, हे पवननं कॉम्प्युटरवर गणित करून आधीच काढलं होतं. टेकडी बरोबर तिथंच आली.

“तू कुपी धुतलीच नाही!”

“धुतली दादा. तुह्यासमोरच धुतली.”

पुन्हा धुतली. टेकडी आणखी उंच झाली.

“बंद कर दादा. मले नाही पटत हे.”

“कायले भेऊन राह्यली? वजा करून टाकतो त्याले.”

नको असलेला उजेड निकालातून वजा करता येतो. त्यानं बटण दाबलं. रेघ सपाट झाली.

आणि टेबलावर... हिरवा पंजा उमटला.

तीन बोटांचा.

मग खुर्चीच्या पाठीवर... मग पवनच्या खांद्यावर...

मी दिव्याचं बटण दाबलं. लागला नाही.

पवनचं डोकं टेबलावर आपटलं. पुन्हा. पुन्हा. नाकाचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. कुपी फुटली. मी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली, पाय टेबलाला रोवले आणि जिवाच्या आकांतानं ओढलं.

“सोड त्याले, अश्वजित! तुहं नाव लावतो आमी, सोड!”

पंजा गळ्यावर बसला...

काच आत गेली. गरम रक्त माझ्या हातांवर आलं. पवन निपचित पडला, तरी तो पंजा दाबतच होता.

पोलीस म्हणाले, भोवळ येऊन काचेवर पडला. मी पंजाचं सांगितलं, तर कोणी लिहूनसुद्धा घेतलं नाही. मला अजून संताप येतो. अश्वजितचा येतो, आणि खरं सांगते, पवनचाही येतो.

आई वांग्याच्या वाफ्यात काम करता करता मध्येच थांबते. “तू होती ना तेथं? मंग धरलं काहून नाही त्याले?”

धरलं होतं, आई. दोन्ही हातांनी धरलं होतं.

समोरून ओढणाऱ्याचा जोर जास्त होता.