नरहरीमामाचा गरम हौद

"ओता! बादल्या ओता! थांबलात की हौद गार!" नरहरीमामा ओरडला. स्वतः मात्र खुर्चीत बसून!

लाडकी आणि चिंतू ही भावंडं नाताळच्या सुट्टीत पालघरहून माकुणसारला मामाकडे पोहायला आली होती. पोहणं राहिलं बाजूला, नुसती हमाली!

मामा बोईसरच्या एका कारखान्यात फोरमन. घरामागे त्याने उंच हौद बांधला आणि पाणी तापवायचं यंत्रही स्वतःच केलं. यंत्र कसलं! खाली चुलाण, वर लोखंडी पिंप. हौदातलं पाणी रबरी नळीने भिंतीवरून पिंपात उतरायचं. पिंप भरलं की मामा नळीला चिमटा लावायचा. तापलेलं पाणी पोरांनी बादलीने परत हौदात ओतायचं. पिंप जास्त भरलंच तर वरच्या तोटीतून पाणी केळींच्या चरात. एवढ्याला मामा 'इंजिनियरिंग' म्हणायचा!

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर हौद अर्धा रिकामा!

"मंगळ्या!" मामा गरजला. "चर ओला आहे! रात्री माझं पाणी केळींना सोडतोस? आजच्या आज खोपटं रिकामं कर!"

मंगळ्या वाडी राखायचा. त्याची मुलगी सोमी पुढे आली. "आमच्या बाबानं हात नाय लावला!"

"चोराची पोर! तू काय सांगणार?"

लाडकीच्या डोक्यात तिडीक गेली. मामा चहा ढोसायला आत गेल्यावर तिघं पिंपाभोवती फिरली.

"चिमटा कुटं हाय?" सोमीने विचारलं.

"मामाच्या खिशात," चिंतू म्हणाला. "काल संध्याकाळी काढून नेला. म्हणे, मंगळ्या चोरेल!"

तिघं एकमेकांकडे बघायला लागली.

"अरे! रेशनवाला नळीने रॉकेल काढतो, तसं!" चिंतू ओरडला. "खालचं टोक मोकळं असलं की धार चालूच!"

"हळू बोल, बैला!" लाडकी म्हणाली. "मामाला नुसतं सांगून कळायचं नाही. दाखवावं लागेल."

दुपारी मामाने हौद पुन्हा भरून चुलाण पेटवलं, तेव्हा तिने मामीची कपड्यांची नीळ आणली आणि गुपचूप हौदात कालवली. मग राहीमामीला आणि मंगळ्याला बोलावून आणलं.

"मामा, तू संध्याकाळी यंत्र बंद कसं करतोस? आम्हाला शिकव ना!"

मामा असा फुगला, की बस! त्याने जाळ विझवला. चिमटा काढला, पुसला, खिशात घातला. "कारखान्यातला माल आहे. इथे ठेवला तर राहील का?"

"आता सगळे इथेच बसा," लाडकी म्हणाली. "मंगळ्याकाका, तुम्ही माझ्या शेजारी."

पिंप भरत गेलं. काठोकाठ आलं. आणि तोटीतून निळीशार धार सुटली, थेट केळींच्या चरात!

"पकडा चोराला!" चिंतू किंचाळला.

"ते... नळीचा उतार जरा..." मामा चाचरला.

"उतार कसला डोंबलाचा!" मामी कडाडली. "ह्याच्यावर विश्वास नाही म्हणून चिमटा खिशात, आणि पाणी गेलं की चोर हाच? हात जोडा त्याला!"

मामाने जोडले. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं!

"शाब्बास रे पोरांनो!" मामी म्हणाली. "सोमे, तू चिमट्याचं विचारलं नसतंस, तर ह्या शहाण्याने तुम्हाला हाकलूनच दिलं असतं."

मंगळ्याने मामाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सोमे," तो म्हणाला, "पळ. आयेला सांग, बांधलेली बोचकी सोड म्हनावं."