ताजा टाका

आमची ओळख कुबडीमुळे झाली. माजी सैनिकांच्या कचेरीत मी रांगेत उभी होते, तोच मागून धाडकन कुबडी येऊन माझ्या अंगठ्यावर पडली.

"डोळे फुटलेत का?" मी कडाडले.

"डोळे शाबूत आहेत, बाई. पाय तेवढा गेलाय," मागचा माणूस म्हणाला... आणि चक्क हसला!

पलटणीत ते बिगूल वाजवायचे. लढाईत पाय गेला, त्याची पेन्शन होती. ती चालू राहावी म्हणून दरवर्षी इथं येऊन दाखवायचं, की पाय अजूनही नाहीच.

"उगवलाय का, बघतात," ते म्हणाले.

आणि मी? माझा नवरा त्याच लढाईत गेला. त्याच्यामागे मला पेन्शन आहे, दवाखान्याचं कार्ड आहे. ते टिकावं म्हणून दरवर्षी खिडकीत सांगायचं, की मी दुसरं लग्न केलेलं नाही. घरात माझ्यापुढे सून आवाज चढवत नाही, आणि हा मिसरूड न फुटलेला कारकून सगळ्या रांगेदेखत विचारतो, "लग्न?" जशी काही मी नवरा पिशवीत घालूनच आलेय! अंगाची लाहीलाही होते.

त्या दिवशी बिगूलवाल्यांच्या पँटचा रिकामा पाय टाचणीनं कसाबसा वर अडकवलेला होता. शिवणकामावर पोरं वाढवलीत मी, असला गबाळेपणा बघवत नाही. सुईदोरा काढला. "बसा. हललात तर टोचेन."

"टोचा की. तिथं ओरडायला आहे कोण?"

मेलं हसू आलंच मला.

पुढच्या वर्षी तो टाका उसवलेला. मी पुन्हा घातला. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच! माझा टाका उसवतो? उभ्या जन्मात नाही.

"खरं सांगा, कुणी उसवला?"

ते कुबडीकडे बघत राहिले. "मीच... ब्लेडनं. नाहीतर तुम्ही कशाला जवळ बसाल?"

माझी सुई जागच्या जागी थांबली.

"घरी या माझ्या," ते हळूच म्हणाले. "कायमच्या..."

"आणि माझी पेन्शन? कार्ड? उद्या लेकापुढे हात पसरू?"

"माझ्या कार्डावर बायकोची जागा रिकामी आहे."

"तुमच्या कार्डावर मी?" माझा आवाज चढला. "माझ्या माणसानं जीव दिलाय. माझं आहे ते, कुणाची मेहेरबानी नाही."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. आता नाही उसवणार."

दोरा दातानं तोडला मी. पण ते वाक्य काही मनातून जाईना.

तेवढ्यात माझा नंबर लागला. कारकुनानं मान वर न करताच विचारलं, "लग्न?"

बस्स! माझा तोल सुटला.

"इकडे बघ रे. त्यांचा पाय उगवत नाही, म्हणून त्यांचं चालू. बरोबर? मग मी लग्न केलं तर माझा मेलेला नवरा उठून घरी येणार आहे का? तो गेला तो गेलाच ना? मग माझं का बंद?"

मागे रांगेतल्या बायका ऐकायला पुढे सरकल्या.

"मावशी, नियम आहे. मी काय करू?"

"ज्यानं केला त्याला विचार, घरी आई आहे का म्हणून!"

"काय लिहू मग... 'नाही' ना?"

मी वळून पाहिलं. बाकावर ते मान खाली घालून बसलेले. बोट माझ्या ताज्या टाक्यावरून फिरत होतं... अगदी हळू, दुखेल म्हणून जपावं तसं.

"होणार आहे, असं लिही," मी म्हणाले.

कारकून दचकला. "अहो, झालं की सगळं बंद होईल!"

"होऊ दे. शिलाई मशीन तर बंद नाही ना करत तुम्ही? पण सुटका झाली समजू नकोस. दरवर्षी येऊन याच खिडकीत विचारणार मी, माझा नवरा उठून आला का म्हणून."

मागे धाडकन आवाज झाला. मी काही वळले नाही. गाल तापले होते, ते कुणाला दाखवू?

"कुबडी उचला," मी म्हटलं. "आणि पुन्हा टाका उसवलात तर याद राखा... घरात ब्लेड ठेवणार नाही मी."