मुके स्नायू

कोल्हापूरच्या स्नायुसंदेश प्रयोगशाळेत वैजयंताच्या जोर-बैठका संपल्या की तिचं रक्त काढलं जाई. त्यातला द्रव वेगळा करून शेजारच्या खोलीत तिच्या वडिलांच्या, हिंदुराव वस्तादांच्या, शिरेत सोडत. अर्ध्या तालुक्याला कुस्ती शिकवलेला हा माणूस आता पोटच्या पोरीला ओळखत नव्हता. द्रव चढला की मात्र काही तास ओळखायचा. त्या तासांसाठीच वैजयंता जगत होती.

पण ते तास आटत चालले. हल्ली तर आबा तिला 'बाई' म्हणू लागले होते.

"मॅडम, मी कुठं कमी पडले?" तिनं प्रयोगशाळेच्या डॉ. नफिसा मुजावरांना विचारलं. "तुम्ही सांगता त्याच्या दुप्पट जोर तर घरी मारते."

नफिसा बघतच राहिल्या. "घरी? कधीपासून?"

"पहिल्यापासनं. आबा म्हणायचे, गुण येत नसंल तर मेहनत वाढवायची."

तालमीत वाढलेल्या पोरीला दुसरं औषध ठाऊक असणार कुठून!

"अगं, स्नायूवर ताण पडला की त्याच्या पेशी रक्तातून निरोप धाडतात. आपण त्यांना स्नायुदूत म्हणतो. त्यातले काही मेंदूपर्यंत पोचतात, त्यांच्यावरच आबांची स्मृती जागी होते. पण हा निरोप म्हणजे स्नायूची तक्रार. मेहनतीची सवय झाली की स्नायू तक्रार करीत नाही. तुझे स्नायू मुके झालेत."

"मग दुसऱ्या कुणाचं रक्त?"

"त्यांना तुझंच जुळतं." नफिसांचा आवाज उतरला. "मेहनत सोड. पूर्ण. अंग सैल पडलं की थोड्या बैठकांनीही स्नायू ओरडतील."

कुस्तीची राष्ट्रीय निवड तोंडावर आली होती. वैजयंतानं नाव मागं घेतलं. हिवाळाभर ती आखाड्याच्या वाटेलाही फिरकली नाही. अंग सुटलं, बरोबरीच्या पोरी हसल्या, ते तिनं मुकाट गिळलं.

मग ती प्रयोगशाळेत परत आली. मोजक्या बैठकांतच धाप लागली. द्रव चढला, आणि आबांनी डोळे उघडले.

"वैजू!"

ती हमसून हमसून रडली. आबांचा हात सवयीनं तिच्या दंडावर गेला. तालमीत कुणीही आलं की ते आधी दंड चाचपत, मग नाव विचारत. बोटं मऊ मांसात रुतली. त्यांचा चेहरा पडला.

"मेहनत सोडलीस व्हय गं?"

"आबा, तुमच्यासाठीच सोडली."

"माझ्यापायी?" वस्तादांना रडताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. "जल्मात एवढीच तर कमाई हुती गं माझी. उद्यापास्नं तालमीत जायाचं. शब्द दे."

तिनं नफिसांकडे पाहिलं. शब्द पाळला, तर आबा तिला विसरणार होते. नाही पाळला, तर दर वेळी ओळखून, दंड चाचपून, असेच रडणार होते.

"जाते, आबा," ती म्हणाली.

उन्हाळा सरता सरता द्रव पुन्हा चढवला गेला. आबांनी तिचा दंड चाचपला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"झकास कमावलाईस," ते म्हणाले. "कुणाची गं पोर तू?"