बाहेरची गोळी

"आईला बाहेरून गोळ्या तूच दिल्यास ना?"

धाकट्या भावाने पायातले बूटही काढले नव्हते. आईच्या ओठांशी नेलेला चमचा ताईच्या हातात तसाच राहिला... आई तोंड उघडून वाट बघत होती, आणि आपण नेमकं काय ऐकलं हेच ताईला उमगत नव्हतं.

आईच्या मेंदूत प्रथिनांच्या गुठळ्या साचत चालल्या होत्या, आणि त्यांच्याखाली घरातल्या माणसांची नावं एकेक करून गाडली जात होती. भाऊ याच रोगावरचा संशोधक. नवं औषध शोधायचं तर जन्म जातो, म्हणून त्याच्या प्रयोगशाळेने दुकानात मिळणारी जुनीच औषधं तपासायला घेतली. कफ पातळ करणाऱ्या एका साध्या गोळीने काचेच्या नळीत त्या गुठळ्या होऊच दिल्या नाहीत! मग माणसांवर चाचणी सुरू झाली. निम्म्या रुग्णांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, आत काहीच नसलेली. कोणाला कोणती, हे भावालाही ठाऊक नव्हतं. आईही त्यात होती. घरच्यांनी वचन एवढंच द्यायचं, की ती गोळी बाहेरून आणून द्यायची नाही.

आणि ताई कामाला होती औषधांच्या दुकानात! खोकणाऱ्या सगळ्या जगाला ती हीच गोळी हसतमुखाने देत असे. कितीदा तरी दुकान बंद करताना हात त्या फळीकडे जाई, मन म्हणे, घे, कोणाला कळतंय... पण भावाला दिलेला शब्द आठवे आणि ती रिकाम्या हातांनी घरी येई.

आता आईच्या रक्तात ते औषध सापडलं होतं, आणि आई तर पोकळ गोळीवाल्यांतली निघाली. घरच्या माणसाला झुकतं माप दिलं, म्हणून सहकारी भावाकडे बोट दाखवू लागले होते. "दुकानात तू, भरवणारी तू," तो म्हणाला. "आणखी कोण असणार?"

'मी नाही' म्हणायला ताईने तोंड उघडलं, तोच तिची नजर खिडकीजवळच्या बाबांवर गेली. आईचा सकाळचा चहा बाबाच करत. जन्मभर बायकोच्या हातचं खाल्लेल्या त्या माणसाला तेवढीच एक सेवा जमत होती. त्यांनी पेपर तोंडापुढे धरला होता आणि ते मान वर करत नव्हते. ताई समजायचं ते समजली. भावाला कळलं तर तो यांच्याकडून चहासुद्धा काढून घेईल... आणि मग म्हातारा कशावर जगेल?

"हो," ती म्हणाली. "मीच दिल्या."

तरीही तिला वेडी आशा होती, की तो म्हणेल, शक्यच नाही, माझी ताई शब्द मोडायची नाही. याच्या शिक्षणासाठी आपलं शिक्षण सोडून ती त्या काउंटरमागे उभी राहिली होती! पण त्याला क्षणभरही शंका आली नाही. "यापुढे आईच्या खाण्यापिण्याला तुझा हात लागायचा नाही," एवढं बोलून तो गेला. बाबांनी पेपरचं पान उलटलं. पाठच्या भावाने आणि जन्मदात्या बापाने एकाच दुपारी तिला वाऱ्यावर सोडलं.

आईला भरवायला बाई आली. ताई दाराशी उभी राहून बघे. आई दोन घास खाई, मग ओठ घट्ट मिटून दाराकडे पाहत बसे. नाव विसरली होती, पण हात विसरली नव्हती. शेवटी ते बाबांनाच बघवेना.

एके दिवशी भाऊ दुकानात, गिऱ्हाइकांच्या रांगेत उभा दिसला.

"बाबांनी सांगितलं मला," पाळी आल्यावर तो म्हणाला. "तू का कबूल केलंस, ताई?"

"तू विचारायला कुठे आला होतास? ठरवूनच आला होतास."

त्याला वर बघवेना. "चुकलो गं," तो पुटपुटला.

ताईने मनात किती बोलणी रचून ठेवली होती, पण तोंडून निघालं ते भलतंच. "निकाल लागला ना तुमचा? ती गोळी... लागू पडते?"

"अगदी सुरुवातीला दिली तर, थोडीफार. आईएवढ्या पुढे गेलेल्यांना नाही."

"म्हणजे मी दिली असती, तरी..."

"तरी काही झालं नसतं, ताई."

तेव्हा मात्र ताई रडली. आरोपाच्या दिवशी कोरडे राहिलेले डोळे भर दुकानात वाहू लागले. न केलेल्या गुन्ह्याच्या आरोपाचं दुःख तिला होतंच. पण तो गुन्हा आपण का केला नाही, एका शब्दापायी आईला का मरू देतोय, ही बोच त्याहून कितीतरी खोल होती, आणि ती कोणाला सांगण्यासारखीही नव्हती. ती बोच आज निघाली.

भाऊ काउंटरच्या आत आला. "आई सकाळपासून तोंड उघडत नाहीये. तू जा. मालकांना विचारलंय, दुकान बंद होईपर्यंत मी उभा राहतो इथे."

"तुला यातलं काय कळतंय?"

"काही नाही. मालक सांगतील तेवढंच करीन."

ताईने आपला पांढरा कोट काढून त्याला दिला. त्याच्या बाह्या त्याला आखूड होत होत्या. ती लगबगीने घराकडे निघाली. बाबांशी काय बोलायचं, बोलायचं की नाही, हे तिचं अजून ठरत नव्हतं. पण आधी आईला भरवायचं होतं.