ओला रस्ता आणि लाल गाडी

"मिउरा! मिउरा! आन् तिसऱ्यांदा सांगते, मिउराच!"

शिवकन्येनं हातातला खडू गॅरेजच्या शटरवर असा आपटला की त्याचे दोन तुकडे झाले. "डोळ्यांना पापण्या असलेली दुसरी गाडी दाखवा मला! हाय का कुणाकडं?"

"पापण्या काय चाटायच्यात?" बंकट उसळला. "कुंटाश बघ कुंटाश! दारं बाजूला न्हाई, वर उघडत्यात. बैलानं शिंगं उगारल्यावानी!"

"गप बसा दोघंबी," फरीदा शांतपणे म्हणाली. "अल्फा रोमिओची स्ट्राडाले. जगात अठराच बनल्या."

"अठराच बनल्या म्हंजी सुंदर झाली व्हय? आपल्या गावात हातपंप एकच हाय, तोबी कोरडा!" बंकट म्हणाला.

"तुमी सगळे म्हातारे!" फरीदाचा भाऊ जमील टायरवर उभा राहून ओरडला. "पन्नास वर्सांपूर्वीच्या गाड्या घेऊन बसलाय. हुराकान बघा, आत्ताची. एकतरी रेघ फालतू हाय का तिच्यात?"

खापरटाकळीतल्या या चौघांची उन्हाळ्याची सुट्टी अशी इटलीत चालली होती. त्याला कारण जमील-फरीदाचे अब्बा, या गॅरेजचे मिस्त्री. युसूफचाचांनी ग्रीसचे हात पुसायला म्हणून बीडहून रद्दी आणली आणि तिच्यात निघाली गाड्यांची चकचकीत मासिकं! चौघांनी ती हिसकावून घेतली, पानन् पान पाठ केलं. सगळ्यात सुंदर इटालियन गाडी कोणती, यावर पंधरा दिवस रोज भांडण. शिवकन्येनं नियमही घालून दिला होता. ज्याला आपली गाडी खडू न उचलता एकाच रेघेत काढता येईल, त्याचीच बाजू खरी. आता शटरवर चार गाड्या होत्या आणि एकही कुणाला मान्य नव्हती.

चाचांना कुणी विचारलं की ते नुसते हसायचे. त्यांचं मत त्यांनी अजून दिलं नव्हतं.

तेवढ्यात धोंडीरामची मोटारसायकल येऊन थांबली. धोंडीराम म्हणजे दूध सोसायटीच्या टँकरचा ड्रायव्हर. दुष्काळाचं हे सलग तिसरं वर्ष. गावातल्या दूधवाल्यांनी एकत्र येऊन सोसायटीमार्फत पाण्याचा टँकर घेतला होता आणि त्या टँकरवर सगळं गाव जगत होतं. तो टँकर चार दिवस आला नव्हता. बायाबापड्या उन्हातान्हात शेजारच्या लिंबागणेशच्या वाटेवर पाण्यासाठी पायपीट करत होत्या.

धोंडीराम गाडीवरून उतरलाच नाही. "चाचा, चेअरमनसायबांचा निरोप हाय. तुमी बसवलेला क्लच गेला. त्याच्यापायी गाव तहानलंय म्हनं. गाळा सोसायटीचा हाय, आइतवारपर्यंत मोकळा करा."

चाचांच्या हातातला पाना तसाच राहिला. "धोंडीराम, तू सोता चालवून बघितलास ना रे? 'गिअर लोण्यावानी पडतोय' म्हनला होतास."

धोंडीराम आरशात बघत बसला.

"टँकर हाय कुठं आता?" शिवकन्येनं विचारलं.

"बीडला. दुरुस्तीला नेलाय."

"क्लच गेलाय तर बीडपर्यंत ढकलत नेला का काका?" जमील म्हणाला.

धोंडीरामनं किक मारली आणि धूळ उडवत निघून गेला. वीस वर्षं ज्या गाळ्यात काम केलं तिथल्या भिंतीवरचे पाने चाचांनी एकेक करून उतरवायला घेतले. ते बघून शिवकन्येच्या अंगाचा असा तिळपापड झाला की तिला गप्प बसवेना.

"हे खोटं हाय! धडधडीत खोटं! आन् खोटं हाय तर आपण शोधून काढायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं सायकली घेऊन निघाले. टँकर बीडला गेला असेल तर फाट्यावरच्या चहावाल्यानं तो पाहिला असणार, असा त्यांचा हिशेब. पण शाळेपुढं येताच बंकटनं करकचून ब्रेक दाबला.

"गतिरोधक कुठं गेला?"

खरंच, रस्ता सपाट होता! गेल्या वर्षी बंकटच्या धाकट्या भावाला इथंच मोटारसायकलनं उडवलं, तेव्हा हेडमास्तरांनी दहा अर्ज करून तो गतिरोधक मिळवला होता. तो कुणीतरी मुळापासून खरवडून नेला होता.

"कुणाच्या बापाला इचारून काढला?" बंकट लालबुंद झाला.

शाळेपासून उजवीकडं फुटणारा रस्ता चेअरमन सुंदररावांच्या मळ्याकडं जायचा. एरवी त्या रस्त्यावर बैलगाडीचंही कंबरडं मोडायचं. आज तोही गुळगुळीत झाला होता! खड्डे बुजवलेले, दगड वेचलेले, वर मुरूम टाकून रोलर फिरवलेला. चौघं शंभर पावलं आत गेले, तेवढ्यात बंकटच्या चाकाला काहीतरी चिकटलं. त्यानं बोट लावून बघितलं.

"चिखल! मे महिन्यात चिखल!"

पुढून इंजिनाचा आवाज आला. चौघं सायकलींसकट बाभळीआड झाले. आणि आला की टँकर! तोच निळा, मागं 'पाणी अडवा, पाणी जिरवा' लिहिलेला. मागच्या बाजूला भोकं पाडलेला आडवा पाइप बसवलेला आणि त्यातून पाण्याच्या धारा रस्त्यावर पडत होत्या. स्टिअरिंगवर धोंडीराम. वळणावर त्यानं गिअर बदलला, जराही खडखड न होता.

"अब्बांचा क्लच," फरीदा हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

शिवकन्येनं दगड उचलला होता. जमीलनं तिचं मनगट धरलं. "थांब. आधी कळू दे, रस्त्याला पाणी पाजतायत कावून?"

"धूळ उडू नये म्हणून. उद्या चेअरमनच्या पोरीचं लगीन हाय मळ्यात," शिवकन्या म्हणाली.

"धुळीसाठी गतिरोधक कोण काढतं?" बंकट म्हणाला.

हे मात्र खरं होतं. शिवकन्या रस्त्याच्या मधोमध गेली आणि सरळ पालथी झोपली, गाल मातीला टेकवून!

"काय करतीस? येडी झालीस का?"

"गप. बघू द्या." तिनं हाताची वीत रस्त्यावर उभी धरली. "खड्डा न्हाई. दगड न्हाई. उंचवटा न्हाई. जीपला असला रस्ता लागत न्हाई. ट्रॅक्टरला तर न्हाईच न्हाई. मग वीतभर उंचवट्यावर बी ज्याचं पोट घासंल, असं काय येणार हाय हिथून?"

मग जमीलच्या तोंडून अगदी बारीक आवाज निघाला.

"पाच इंच. हुराकानचं पोट जमिनीपासून पाच इंच बी न्हाई."

"नवरदेव पुण्याचा हाय, बक्कळ पैसेवाला!" फरीदा ओरडली.

जमीलचा चेहरा क्षणभर दिव्यासारखा उजळला. खरीखुरी! आपल्या गावात! आणि मग त्याला रस्त्यावरचं पाणी दिसलं, भिंतीवरून पाने उतरवणारे अब्बा आठवले. "म्हंजी गाडीचं पोट घासू नये म्हणून गावाचं पाणी रस्त्यावर? आन् नाव माझ्या अब्बांचं?"

शिवकन्या तडक घरी गेली. तिचे वडील बबनराव सोसायटीचे संचालक होते. तिनं एका दमात सगळं सांगितलं. बबनराव पानाला चुना लावत राहिले.

"लगनघर हाय पोरी. विघ्न आणू नको. उद्याचा दिवस गेला की येईल टँकर. युसूफला काय, दुसरीकडं गाळा मिळंल."

"बाबा... तुमाला ठाऊक होतं?"

बबनरावांनी पान दुमडून तोंडात घातलं. शिवकन्येला रडू आलं नाही, संताप आला. स्वतःच्या बापाचा एवढा संताप तिला कधीच आला नव्हता. तशीच वळून ती बाहेर गेली.

बाहेर हौदाजवळ घागरींची रांग होती. टँकर येवो न येवो, गावानं नंबर लावलेले होतेच. पितळी घागरी, प्लास्टिकच्या घागरी, रंगाचे रिकामे डबे, आणि सगळ्यात पुढं म्हाताऱ्या सुभद्राबाईंची पोचे पडलेली कळशी. खापरटाकळीत एक गोष्ट कुणी करत नसे, ती म्हणजे दुसऱ्याची घागर रांगेतून हलवणं. भाऊबंदकीत डोकी फुटली तरी घागरीचा नंबर मोडायचा नाही. शिवकन्या त्या रांगेकडं बघत राहिली, मग गॅरेजकडं पळत सुटली. बाकी तिघं तिथंच जमले होते.

"काटे टाकू रस्त्यावर!" बंकटचा बेत तयारच होता.

"टायर फुटलं की नाव परत अब्बांवरच येईल," फरीदा म्हणाली.

"आन् त्या गाडीनं काय पाप केलंय?" जमील कळवळला.

"काटेबिटे काय नको," शिवकन्या म्हणाली. "जमील, सांग. ती गाडी रस्ता सोडून वावरातून जाईल?"

"नांगरलेल्या ढेकळातून? शक्यच न्हाई!"

"मग झालं तर."

लग्नाच्या दिवशी सकाळी चौघांनी घरोघर जाऊन सांगितलं, "टँकर आज मळ्याच्या रस्त्याला येणार हाय! नंबर तिथं लावतोय!" यात एक अक्षरही खोटं नव्हतं. शिवकन्येनं प्रत्येक घागरीवर खडूनं आकडा घातला, ज्याची त्याची परवानगी घेतली आणि चौघांनी खेपा घालून त्रेसष्ट घागरी नेल्या. मळ्याच्या वळणावर, गुळगुळीत रस्त्याच्या मधोमध, एकामागं एक रांग लागली. मागोमाग बाया आल्या, सुभद्राबाई तर काठी टेकत सगळ्यांच्या पुढं.

साडेदहाला टँकर आला आणि घागरी बघून थांबला. त्याच्या मागं वाजंत्री, आणि वाजंत्र्यांच्या मागं ती! लालभडक, चापट, जमिनीला चिकटलेली.

"हुराकान," जमीलनं श्वास रोखला.

शिवकन्येनंही पाहिली. ती सुंदर होती. खोटं कशाला बोला, शटरवरच्या चारही रेघा तिच्यापुढं पुसून टाकाव्यात इतकी सुंदर होती. त्यामुळं तर शिवकन्येला आणखीच चीड आली. इतकी देखणी वस्तू आणि तिला गावाच्या तहानेवरून चालवत आणायची!

सुंदरराव फेटा सावरत धावत आले, मागं बबनराव. "काय तमाशा हाय हा? धोंडीराम, उचल त्या घागरी!"

धोंडीराम खाली उतरला, रांगेपर्यंत गेला आणि थांबला. "न्हाई जमायचं सायेब."

"कावून?"

"एकविसावी घागर माझ्या बायकोची हाय. रांग मी मोडली तर घरात घेणार न्हाई ती."

बायांमध्ये खसखस पिकली. सुंदरराव भडकले. "मग गाडी काढा वावरातून!"

लाल गाडीचा ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "अहो, खालून फुटेल ती! ढेकूळसुद्धा चालत नाही हिला."

आता सुभद्राबाईंनी काठी उगारली. "चेअरमन, टँकर बीडला हाय म्हनला व्हतास ना? मग ह्यो कोन? ह्याचा जुळा भाऊ?"

"क्लच गेलाय म्हनं!" शिवकन्या पुढं आली. "गेलेल्या क्लचवर हा टँकर इतके दिवस रस्त्याला पाणी पाजतोय. आमी डोळ्यांनी बघितलं. आमच्या शाळेपुढचा गतिरोधक काढला, तो बी ह्याच गाडीसाठी. अन् गाळा सोडायचा युसूफचाचांनी? का म्हणून?"

सुंदररावांनी घड्याळ बघितलं. मुहूर्त साडेबाराचा होता.

"बबनराव, तुमची पोरगी हाय, आवरा तिला!"

बबनरावांनी लेकीकडं पाहिलं. मग फेटा काढून हातात घेतला. "ती खरं बोलतीय चेअरमन. युसूफचं नाव आपण खोटं घेतलं. मी बी गप बसलो. माझीच लाज वाटतीय मला."

धोंडीराम कुणाच्या हुकमाची वाट न बघता टँकरमागं गेला आणि त्यानं व्हॉल्व्ह उघडला. सुभद्राबाईंच्या कळशीत पाण्याची धार पडली. एकच गलका झाला!

त्रेसष्ट घागरी भरायला किती वेळ लागतो हे सुंदररावांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. गाडीत उकडून बेजार झालेला नवरदेव खाली उतरला आणि मदत म्हणून भलतीच घागर उचलू लागला, तेव्हा सुभद्राबाई खेकसल्या, "जावईबापू, नंबर मोडू नगा!" बिचाऱ्यानं पटकन खाली ठेवली. पंचेचाळिसाव्या घागरीला बबनराव मोटारसायकलवर युसूफचाचांना घेऊन आले. सुंदररावांना सगळ्यांसमोर बोलावं लागलं. आधी ते पुटपुटले.

"ऐकू येईना!" मागून बाया ओरडल्या.

"युसूफ, तुझा काय बी दोष नव्हता. माझं चुकलं. गाळा तुझाच हाय," सुंदरराव मोठ्यानं म्हणाले.

"आन् गतिरोधक?" बंकटनं विचारलं.

"तो बी परत घालतो, बाबा!"

त्रेसष्टावी घागर भरली, रस्ता मोकळा झाला आणि लाल गाडी चालत्या माणसाच्या वेगानं, पोट सांभाळत मांडवाकडं गेली. नवरदेव मात्र पायी गेला.

संध्याकाळी गॅरेजपुढं गर्दी जमली. चाचांनी पाने पुन्हा भिंतीवर टांगले होते. हेडमास्तर म्हणाले, "ज्याला मला दहा अर्ज लागले, ते या चौघांनी एका रांगेनं केलं. शाबास रे!" सुभद्राबाईंनी चौघांच्या हातावर गूळ ठेवला. बबनराव लेकीशेजारी पायरीवर बसले आणि बराच वेळ तिथून उठले नाहीत.

"चाचा," शिवकन्या म्हणाली, "आता तरी सांगा. सगळ्यात सुंदर गाडी कोणती?"

चाचांनी शटरवरच्या चारही गाड्या नीट पाहिल्या. पापण्या पाहिल्या, शिंगांसारखी दारं पाहिली. मग पाठीवर हात ठेवून कण्हत खाली बसले.

"मला इचारशील तर बेटा, जिच्याखाली मला पाठ टेकून आरामात शिरता येतं, ती सुंदर. ह्या चौघींत एक बी बसत न्हाई."

"चाचा!" चौघं एकदम किंचाळले. "हे काय कारण झालं?"

आणि भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.